गळ आणि गळती

माशाच्या जबड्यात रुततो तो गळ, आणि विजारीच्या आसनातून पाणी आत येतं ती गळती. शब्दकोशात या दोघांमध्ये काय अंतर असेल ते असो, माझ्या छंदात ते जुळे भाऊ आहेत. ओढ्यात उतरून मासे धरायला लागले तेव्हापासून माझं काही ना काही गळतच आलेलं आहे. आधी आसन, मग डावा गुडघा, मग मोज्याची टाच. एकदा तर जे गळतच नव्हतं तेही गळतंय असं समजून मी त्याच्यावर गोंद थापला. ती फजिती पुढे येईल.

ज्यांनी हे प्रकरण कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी: वेडर्स म्हणजे पावलांपासून छातीपर्यंत चढणारी, खांद्यावरच्या पट्ट्यांना लटकणारी जलरोधक विजार. ती घातली की प्रवाहात मधोमध जाऊन उभं राहता येतं. आणि उभं राहावं लागतं, कारण वाहत्या पाण्यातला मासा तोंड प्रवाहाकडे करून, एखाद्या मोठ्या गोट्याच्या आडोशाला, धार जिथे मंदावते तिथे थांबलेला असतो. वरून वाहत येईल ते खायचं आणि फार हलायचं नाही, असा त्याचा हिशेब. त्याच्या पाठीमागून, म्हणजे खालच्या अंगानं त्याला गाठायचं तर काठ सोडून पाण्यात पाय घालणं आलंच. शिवाय काठावरून टाकलेले निम्मे गळ मागच्या झाडाला लागतात. माझे पाऊण लागायचे.

पहिली जोडी मी स्वस्तातली घेतली. छंद टिकेल की नाही याची खात्री नसताना सगळे तेच करतात आणि त्यात काही चूक नाही. नायलॉनच्या कापडावर पीव्हीसीचा थर, खाली गमबुटासारखे बूट जोडूनच आलेले, रंग गडद हिरवा, वास नव्या रेनकोटचा. तिसऱ्या खेपेला मांडीच्या आतल्या बाजूनं एक गार दोरा खाली सरकला. विजार गळते तेव्हा पाणी भसकन आत येत नाही. आधी तो दोरा येतो, गुडघ्यापाशी जरा रेंगाळतो, पोटरीवरून टाचेला पोचतो, आणि मग मोजा जड व्हायला लागतो. पुढचा तासभर डोक्यात मासा राहत नाही, मोजाच राहतो.

माझा मोठा भाऊ तेव्हा वीसेक पावलं वर उभा होता.

“किती आलं?” त्यानं विचारलं.

“वाटीभर असेल.”

“वाटीभर पाण्यासाठी एवढं तोंड वाकडं?”

“ज्याचं गळतं त्यालाच कळतं, दादा.”

तो हसला, पण त्याला हसायला काय जातंय. तो अर्ध्या चड्डीत होता. गुडघ्यापर्यंत लोकरीचे पातळ मोजे, पायात जाड तळाचे बूट, आणि वेडर्स नाहीतच. मी गळक्या विजारीत काकडत होते आणि हा गृहस्थ मुद्दाम ओला होऊन मजेत होता. त्या दिवशी मला त्याचा राग आला. शहाणपण त्याच्याकडे होतं हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली.

म्हणून स्वस्त वेडर्स कसे निवडावेत असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: तुझ्या ओढ्याचं पाणी किती गार आहे? पाणी कोमट असेल, हवा उबदार असेल, तर वेडर्स घेऊच नयेत. लवकर वाळणारी चड्डी, मोजे आणि बूट. बस्स. अशी विजार कधी गळत नाही, तिला ठिगळ लागत नाही, आणि तिच्याएवढी स्वस्त दुसरी मिळायची नाही. मात्र पाणी गार असेल तर थट्टा नाही. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. पहिल्यांदा बोटं बधिर होतात, मग गाठ बांधता येत नाही, आणि मग पाय कुठे पडतोय याचा अंदाज चुकतो. माझी चाचणी साधी आहे. मनगटापर्यंत हात पाण्यात धरून शंभरपर्यंत आकडे मोजायचे. साठच्या आत हाडात कळ गेली तर त्या दिवशी चड्डी घरी राहते.

आता त्या गोंदाची फजिती. हिरव्या जोडीचं आसन मी पीव्हीसीच्या गोंदानं आणि ठिगळानं बंद केलं होतं, पीव्हीसीला तो छान धरतो. पुढच्या खेपेला गाडीपासून ओढ्यापर्यंत तासभर चढउतार होता. पाण्यात उतरले तर दोन्ही मांड्या ओल्या. घरी येऊन मी आसनावर आणखी गोंद लावला. पुढच्या खेपेला पुन्हा ओल्या. पुन्हा गोंद. आसन आता पत्र्यासारखं कडक झालं होतं आणि चालताना कुरकुरत होतं. शेवटी दादानं विचारलं, “पाण्यात उतरायच्या आधी आत हात घालून बघितलंस का?” बघितलं. पाण्याला पाय लागायच्या आधीच मी ओली होते. तो घाम होता. पीव्हीसीतून बाहेरचं पाणी आत येत नाही तशी आतली वाफही बाहेर जात नाही, आणि तासभर चालणाऱ्या माणसाच्या अंगातून निघणारी वाफ काही थोडीथोडकी नसते. ती गार थरावर जमते आणि खाली ओघळते. गळती आणि घाम यांत फरक इतकाच, की गळती एका जागी गार लागते आणि घाम सगळीकडे चिकट.

या एका अडचणीवर दोनशे वर्षं डोकेफोड चाललेली आहे. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉशनं रबर नॅफ्था नावाच्या तेलात विरघळवून दोन कापडांच्या मधे थापलं आणि खरं जलरोधक कापड केलं. ते थंडीत ताठ व्हायचं आणि उन्हात चिकचिकायचं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता देऊन रबर पक्कं करायची युक्ती सापडली आणि रबराचे बूट खऱ्या अर्थानं टिकायला लागले. १९३० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झालं. त्यात बारीक बुडबुडे भरून केलेला फोम ऊब धरून ठेवतो, म्हणून बर्फाळ पाण्यातल्या लोकांना तो देवासारखा वाटला. आणि १९६९ मध्ये बॉब गोअर यांनी टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणायच्या ऐवजी एकदम हिसका देऊन ताणली, तेव्हा तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडली. पाण्याचा थेंब त्यातून जाऊ शकत नाही, पण वाफेचा कण सहज जातो. गोअर-टेक्स ते हेच. दुकानातल्या एकाच दांडीवर हा सगळा इतिहास हँगरला लटकलेला असतो, आणि साधारण ज्या क्रमानं शोध लागले त्याच क्रमानं महागतही जातो. अपवाद निओप्रीनचा, त्याच्या किमतीचं काही खरं नाही.

मी तिन्ही प्रकार वापरले आहेत, म्हणून मत देते. ओढा घराजवळ असेल, चालणं थोडं असेल, काठाला काटे आणि तारा असतील, तर पीव्हीसी वाईट नाही. ते दणकट असतं आणि ठिगळ मुकाट्यानं घेतं. निओप्रीन एकाच जागी तासन्‌तास गार पाण्यात उभं राहणाऱ्यासाठी. ते घालून डोंगर चढायचा म्हणजे स्वेटर घालून शेकोटीत बसायचं. बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे चालणाऱ्यांसाठी, श्वास घेणारं, गोअर-टेक्ससारखं वाफ बाहेर सोडणारं कापड. ते स्वतः ऊब देत नाही, आत लोकरीची किंवा फ्लीसची पायजमा-विजार घालावी लागते, पण तीच त्याची खुबी. आतले थर बदलले की एकच जोडी बहुतेक ऋतूंना पुरते. कापूस तेवढा आत घालायचा नाही. एकदा ओला झाला की दिवसभर ओला.

पण “श्वास घेणारं” हा शब्द लेबलवर फुकट छापता येतो, ही मेख आहे. स्वस्त जोडीत बरेचदा वेगळा पापुद्रा नसतोच. कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. तो नवेपणी चांगलं काम करतो. ओलसर आणि उबदार जागी गुंडाळून ठेवला तर मात्र पाणीच त्याचं रासायनिक विघटन करतं. तो आधी चिकट होतो, मग सापाच्या कातेसारखा सुटतो. म्हणून मी लेबल न वाचता विजार उलटी करून बघते. दुकानदार वैतागतात. वैतागू देत. आत शिवणींवर पट्टी चिकटवलेली असते. तिच्या कडेला नखानं हलकं खरवडायचं; कड उचलली गेली तर ठेवून द्यायची. मग शिवणींची वाट बोटानं धरत जायचं. दोन मांड्यांच्या मधून थेट घोट्यापर्यंत शिवण गेली असेल तर चालताना ती प्रत्येक पावलाला दुसऱ्या पायावर घासणार. माझी हिरवी जोडी तिथेच गेली होती. थोड्या विचारानं शिवलेल्या विजारीत ही शिवण पुढे किंवा बाहेर सरकवलेली असते, आसनात चौकोनी तुकडा घातलेला असतो, आणि गुडघ्यापासून खाली कापडाचा एक थर जास्त असतो. एवढ्या तीन गोष्टी असतील तर खिसे किती आहेत आणि चेन कुठल्या रंगाची आहे याकडे मी ढुंकूनही बघत नाही. पैसे कमी पडत असतील तर ते खिशांतूनच वाचवायचे.

घालून बघताना आरशासमोर उभं राहण्यात अर्थ नाही, आरशात सगळेच मासेमार ऐटबाज दिसतात. उकिडवं बसायचं. खुर्चीवर पाय ठेवून गुडघा छातीकडे न्यायचा. दोन्ही वेळा आसन ओढलं गेलं नाही पाहिजे आणि गुडघ्यावर कापड ताणलं गेलं नाही पाहिजे. ताणलेली शिवण लवकर उसवते, आणि फार ढगळ विजारीच्या घड्या एकमेकींवर घासतात, शिवाय प्रवाह त्या घड्यांना धरून ओढतो.

इथे एक कुरकुर नोंदवून ठेवते. स्वस्त वेडर्स बहुतेक पुरुषांच्या मापावर कापलेले असतात. कमरेला बसवावेत तर पाय लोंबतात, पायाला बसवावेत तर बसता येत नाही, आणि बूट न जोडलेल्या जोडीला खाली असतो तो निओप्रीनचा मोजा तर माझ्या पावलाच्या दीडपट. त्या जादा मोज्याची घडी बुटात पडते आणि टाचेला दिवसभर चावते. बायकांसाठीची मापं आता मिळतात, पण स्वस्ताच्या दांडीवर क्वचित. मी काय केलं? मुलग्यांच्या मापातली एक आणि बुटक्या-रुंद पुरुषांच्या मापातली एक अशा दोन जोड्या घालून बघितल्या, आणि दुसरी घेतली. दिसायला ती पोत्यासारखी आहे. माशांनी अजून तक्रार केलेली नाही. निसर्गाच्या हाकेचं काय, हा प्रश्न पुरुष लेखकांना पडत नाही म्हणून मीच सांगते: खांद्याच्या पट्ट्या सुटसुटीत निघतात का, हे थंडीत आणि घाईत किती महत्त्वाचं आहे ते दुकानातच ओळखावं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती पावलांत आहे.

हिरव्या जोडीला जोडलेल्या गमबुटांचा तळ साधा रबराचा होता, चिखलात चालायला करतात तसा. एका दुपारी मी गुडघाभर पाण्यात होते, फार तर. पुढे एक रुंद, सपाट, तपकिरी दगड. वर शेवाळाचा इतका पातळ थर, की नुसता दगड ओला आहे असंच वाटावं. त्यावर पाय ठेवला आणि तो पाय माझा राहिला नाही. पडले ती कोपरावर आणि कुल्ल्यावर. गळाची काठी खाली आली आणि तिचं टोक दोन दगडांच्या मधे कट्‌ करून मोडलं. तो बारीकसा आवाज मला पाण्याच्या खळखळाटातही स्वच्छ ऐकू आला. कोपर तीन आठवडे दुखलं. विजार मात्र त्या दिवशी गळली नाही, आणि तिच्या न गळण्याचा मला कवडीचा उपयोग झाला नाही.

तेव्हापासून मी पैसे खालून वर खर्च करते. आधी बूट, मग पट्टा आणि काठी, आणि उरतील ते वेडर्सला. बहुतेक लोक वरून खाली येतात. छान विजार घेतात आणि बुटांपाशी पोचेपर्यंत पाकीट आटलेलं असतं. याच कारणासाठी बूट जोडून आलेल्या जोडीपेक्षा मोजा असलेली जोडी मला परवडणारी वाटते. बूट झिजले तर बूट बदलायचे, विजार फाटली तर विजार. शिवाय जोडलेल्या बुटात घोटा सैल राहतो, आणि गोट्यांच्या ओढ्यात मुरगळतो तो घोटाच. थंडीत किंवा सपाट, चिखलट, वाळूच्या तळावर जोडलेले बूट सोयीचे असतात, पटकन चढतात, हे खरं. पण तसा तळ माझ्या वाट्याला फारसा येत नाही.

तळव्यांचा वाद मात्र लांबलचक आहे. जुने मासेमार नमद्याच्या, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाच्या तळव्याची शपथ घेतात, आणि त्यांचं बरोबर आहे. नमद्याचे तंतू शेवाळाच्या बुळबुळीतून खाली शिरतात आणि दगडाच्या खडबडीला धरतात. ओल्या दगडावर नमद्यासारखं काही नाही. ओल्या गवताच्या उतारावर मात्र तोच नमदा साबणाची वडी होतो, आणि बर्फात तर त्याला खाली गोळे चिकटत जाऊन माणूस बोटभर उंच होतो. पण त्याची खरी अडचण वेगळी आहे. तो कित्येक दिवस वाळत नाही, आणि त्या ओलसरपणात एका ओढ्यातले जीव दुसऱ्या ओढ्यात प्रवास करतात.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ मध्ये डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. दगडांवर तपकिरी-करड्या, ओल्या लोकरीसारख्या गाद्या पसरवणारं. त्याची एक पेशी पुढच्या नदीत पोचली तरी पुरते. २००८ मध्ये त्या देशानं मासेमारीसाठी नमद्याच्या तळव्यांवर बंदी घातली. अलास्कानं २०१२ मध्ये घातली. अमेरिकेतल्या व्हरमाँटनं २०११ मध्ये घातली आणि २०१६ मध्ये उठवली, कारण दरम्यान संशोधकांना दिसू लागलं होतं की डिडिमोच्या गाद्या पाण्यात फॉस्फरस फार कमी असला की फोफावतात, आणि काही नद्यांमध्ये डिडिमो आधीपासूनच होतं. म्हणजे बिचाऱ्या नमद्याच्या माथी थोडं जास्तच पाप मारलं गेलं. पण न्यूझीलंडचीच एक तांदळाएवढी गोगलगाय उलट दिशेनं अमेरिकेत गेली, १९८७ मध्ये आयडाहोतल्या स्नेक नदीत सापडली, आणि तिच्या जातीत मादी नराशिवाय पिल्लं घालते. एक गोगलगाय पुरते. बुटाच्या जिभेखाली ती किती दिवस ओलीवर काढू शकते हे कळल्यावर मी नमदा सोडला. बंदी असो वा नसो. आणि नुसता नमदा सोडून भागत नाही. नाडीच्या भोकात, मोज्यावरच्या घडीत, शिवणीत ओल राहतेच. न्यूझीलंडवाल्यांचा नियम सोपा आहे: बघा, धुवा, वाळवा, आणि हाताला कोरडं लागल्यावर आणखी ४८ तास थांबा.

मग उरलं रबर. मऊ, चिकट रबराचा खोल नक्षीचा तळ वाटेवर उत्तम चालतो, चिखलात बरा, शेवाळावर जेमतेम. त्याला खिळे लागतात. टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे खिळे शेवाळ फोडून दगडाला चावतात आणि वर्षानुवर्षं झिजत नाहीत. स्वस्त उपाय असा की साधे आखूड, षटकोनी डोक्याचे स्क्रू तळव्यात फिरवून बसवायचे. पोलाद लवकर झिजतं, पण नवे स्क्रू काय, मूठभर मिळतात. मी एका तळव्याला बारा बसवले, बहुतेक कडेकडेनं आणि टाचेला. आधी तळव्याची जाडी मोजायची, स्क्रू तिच्याहून आखूड घ्यायचा. मी आधी मोजलं नव्हतं. उजव्या अंगठ्याखालचा एक स्क्रू निओप्रीनच्या मोज्यातून वर आला, आणि अशा रीतीनं माझ्या विजारीला पडलेलं एक भोक शंभर टक्के माझ्या हातचं आहे.

खिळ्यांचे तोटेही आहेत. कठीण, गुळगुळीत, कोरड्या कातळावर ते काचेवरच्या नखासारखे सरकतात. ते घालून फरशीवर चाललं तर घरात बोलणी बसतात. आणि दगडावर ते खरखरतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त वेगानं. मी पहिलं पाऊल टाकते तेव्हा पुढच्या डोहातल्या माशाला माझ्या येण्याची वर्दी मिळालेली असते. दादाचं म्हणणं आहे की मला मासे न मिळण्याचं कारण खिळे नसून मी आहे.

बूट घेताना ते वेडर्सच्या मोज्यासकट घालून बघायचे. नेहमीच्या मापाहून एक नंबर मोठा बहुतेक लागतोच. घट्ट बुटात रक्त फिरत नाही, आणि मग सगळ्यात महाग वेडर्समध्येही पाय गारठतात. पुढच्या टोकाला बोट दाबून बघायचं, कडक टोपी असली पाहिजे, कारण गोटे अंगठ्यावरच येतात. खऱ्या चामड्याचा मोह नको. ते पाणी पितं, जड होतं, वाळताना आक्रसतं. पाणी निघून जायला बाजूला भोकं हवीत. सगळ्यात महत्त्वाचं, तळवा नुसता चिकटवलेला आहे की कडेनं शिवलेलाही आहे हे बघायचं. नुसता चिकटवलेला असेल तर तो एक दिवस तोंड उघडतोच, आणि ते नेहमी गाडीपासून सगळ्यात लांब असताना. माझ्या एका जुन्या जोडीचा डावा तळवा असाच उघडला. मी तो गळाच्या दोरीनं बांधून आणला, आणि मगरीच्या जबड्यासारखा तो दर पावलाला टाळ्या वाजवत होता. नवे बूट नसतील परवडत तर डोंगर चढायचे जुने बूट, घोट्यापर्यंतचे, स्क्रू मारून वापरावेत. दादानं तीन वर्षं तेच केलं.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. वेडर्सच्या कमरेला बाहेरून आवळायचा पट्टा ही या सगळ्या पसाऱ्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि तीच लोक घरी विसरतात. वेडर्समध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो असा जुना समज आहे. अमेरिकेतले ली वुल्फ नावाचे मासेमार वेडर्ससकट पुलावरून नदीत उडी मारून आणि पोहत बाहेर येऊन हा समज खोटा ठरवून गेले. पाण्यात पाण्याचं वजन होत नाही. अडचण बाहेर येताना होते, कारण विजारीत वीस लिटर शिरलं असेल तर काठ चढताना ते वीस किलो असतं. शिवाय फुगलेली विजार प्रवाह धरते. प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. धार दुप्पट झाली की ढकलणारा जोर चौपट. घट्ट पट्टा पाण्याला कमरेपाशीच थोपवतो. तिसरा पाय म्हणून एक काठी हवी, बांबूची चालेल, जुनी चालायची काठी चालेल. खोलीबद्दल म्हणाल तर लहान ओढ्याला छातीपर्यंतची विजार लागतच नाही. कमरेपर्यंतची स्वस्त पडते, आणि तिच्यात माणूस मांडीच्या वर पाणी येऊ देत नाही. मला हा तिचा गुणच वाटतो.

घरी आल्यावर विजार आतून बाहेरून वाळवायची, घडी न घालता टांगायची. रबर घडीवर ताणलेलं राहिलं की हवेतला ओझोन तिथेच चिरा पाडतो. कपडे बदलताना मातीवर उभं राहायचं नाही. निओप्रीनच्या मोज्याला एक खडा पुरतो. मी एक जुनं पायपुसणं गाडीतच ठेवते.

काल रात्री वार्षिक गळतीशोध होता. खिडक्या उघड्या, जवळपास शेगडी नाही, आणि हातात आयसोप्रोपिल अल्कोहोलची फवाऱ्याची बाटली. श्वास घेणाऱ्या कापडाची विजार उलटी करून आतून फवारलं की जिथे भोक असतं तिथे गडद ठिपका उमटतो, कधी टाचणीच्या टोकाएवढा. दादा टॉर्च धरून बसला होता आणि मी पेनानं प्रत्येक ठिपक्याभोवती वर्तुळ काढत होते. डाव्या गुडघ्यावर दोन, आसनात एक, पोटरीवर काट्याची एक रांगच.

“किती?”

“सात.”

“गेल्या वर्षी?”

“चार.”

“नवी घे की आता.”

मी वर्तुळांवर गोंदाचे टिकलीएवढे थेंब ठेवले आणि काडीनं पसरवले. रात्रभर वाळायला लागतात, म्हणजे आजचं जाणं रद्द. बुटांच्या तळव्यांत मात्र पाच स्क्रू गुळगुळीत झाले होते. ते काढून नवे बसवले, या खेपेला जाडी मोजून. आठवं वर्तुळ आज सकाळी उजेडात दिसलं, उजव्या टाचेवर.